पाहुण्यांसाठी धुतलेली नाकं

मी काय काम करते असं लग्नकार्यात कुणी विचारलं की माझा नवरा घाईघाईनं "ती प्रयोगशाळेत असते" एवढंच सांगतो आणि विषय आमरसाकडे वळवतो. त्याचंही चुकत नाही म्हणा. पंगतीत बसून सांगण्यासारखं ते काम नव्हेच. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शेंबूड तपासते. वर्षानुवर्षं सायनसनं गांजलेल्या माणसांच्या नाकातला स्राव छोट्या कुप्यांतून माझ्याकडे येतो आणि त्यात सुजेच्या कोणत्या खुणा सापडतात ते मी बघते. कुपीवर आकडा असतो, नाव नसतं. इतकी नाकं माझ्या हाताखालून गेली, पण नाकामागचा माणूस मी क्वचितच पाहिला होता. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या हळदीच्या गावांतून नमुने आणायला कुणी जायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मीच हात वर केला. घरीदारी सगळ्यांनी एकच विचारलं, "हिंगोलीला? ऐन मार्चमध्ये? तिथं बघण्यासारखं काय आहे?" हे लिहिते आहे ते त्या सगळ्यांसाठी.

कनेरगाव नाका

अकोल्याला रेल्वेतून उतरले तेव्हा रफिकभाई जीप घेऊन हजर होते. हिंगोलीत त्यांच्या किती पिढ्या गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी, हिंदी आणि दखनी या तिन्ही भाषा ते एकाच वाक्यात बोलतात आणि तिन्हींत तितकेच भिडस्त आहेत. माझी बर्फाची पेटी त्यांनी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला दोरीनं बांधून टाकलं.

"मॅडम, इसमें औषधं है क्या?"

"आत्ता काही नाही. परत येताना शेंबूड असेल."

त्यांनी दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मग म्हणाले, "ठीक है. बर्फात हाये ना? मग खराब न्हाई होत."

वाशीम मागे टाकून कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याशी थांबलो. समोर तर्रीपोहे आले. पुण्याच्या पोह्यांना माहेरी पाठवून द्यावं असे ते होते. वर लालभडक तर्री, बाजूला कच्चा कांदा. दुसऱ्या घासाला माझं नाक वाहायला लागलं आणि तिसऱ्याला डोळे. पहिला नमुना असा माझाच, ढाब्यावरच्या कागदी रुमालात वाया गेला. ढाबेवाल्यानं न सांगता ताकाचा पेला पुढे ठेवला. "भाईरगावचे लोक आले की मी अगुदरच ताक काढून ठेवतो," तो म्हणाला.

पुढचा रस्ता मला फार आवडला. हे जरा आश्चर्यानंच लिहिते, कारण मी श्रीवर्धनची मुलगी. समुद्र आणि माड दिसत नसले तर त्याला देखावा म्हणायची आम्हाला सवय नाही. इथं हरभरा काढून झालेली मोकळी रानं होती, बांधावर पानं झडलेले पळस नुसत्या फुलांनी पेटलेले होते, आणि मध्येच एखाद्या वस्तीपुढं अख्खं अंगण पिवळं. शिजवलेली हळद वाळत पडलेली. आमच्याकडे असा जवळा वाळत घालतात, पण शहरातला पाहुणा येणार असला की वासापायी तो मागल्या दारी हलवतात. इथं हळद थेट रस्त्याला लागून, सगळ्यांनी बघावी अशी मांडलेली होती.

हिंगोली

हिंगोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चहा झाला. आमच्या अभ्यासात ते सहभागी होते. हळद वाळली की ती मोठ्या फिरत्या पिंपात घालून घासतात, त्याला पॉलिश म्हणतात. त्यावेळी उडणाऱ्या धुळीचा आणि नाकाच्या जुनाट सुजेचा काही संबंध आहे का, ते आम्हाला बघायचं होतं. आहे की नाही, हे आजही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

डॉक्टरांना मात्र एका विशिष्ट नाकाची काळजी होती. पुसेगावच्या पलीकडे एका तांड्यावर राहणाऱ्या शेवंताबाई राठोड यांचं ते नाक. सायनस जुना, नाकात मांस वाढलेलं, एकदा शस्त्रक्रिया करून काढलेलं आणि वर्षाच्या आत पुन्हा वाढलेलं. वास येणं पूर्ण बंद. आता त्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हत्या.

"सूज एकाच प्रकारची नसते, हे तुम्हाला मी काय सांगू," डॉक्टर म्हणाले. मला सांगायची गरज नव्हती, पण वाचकांना सांगते. आपल्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. काही जणांच्या नाकात या पेशी बोलावल्यासारख्या जमतात आणि मुक्काम ठोकतात. अशा सुजेत वास लवकर जातो आणि नुसतं कापून काढलेलं मांस पुन्हा वाढतं. पण हीच सूज स्टेरॉइडच्या औषधांना बहुतेक वेळा दाद देते. दुसऱ्या प्रकारच्या सुजेत त्यांचा तितका उपयोग होत नाही. कुठली सूज आहे ते रक्तातून थोडं कळतं आणि नाकातल्या स्रावातून बरंच जास्त.

"एक चांगला नमुना आणा," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काहीतरी हवं. नुसतं 'पुन्हा औषध घ्या' म्हटलं तर त्या ऐकायच्या नाहीत."

तांडा

तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वेशीवर सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा, त्यामागे घरं, घरांपुढं शेणानं नुकतीच सारवलेली अंगणं. एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेल्या लोकांची ही वस्ती. आता सगळे शेती करतात.

शेवंताबाईंचे यजमान देवसिंगभाऊ सामोरे आले. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांना पीळ दिलेला. पाण्याचा तांब्या हातात देता देताच त्यांनी सांगून टाकलं, "मॅडम, हिच्या नाकापायी म्या बिडी सोडली. तीस वर्साची सवय. डाक्टर बोलला धूर बरा न्हाई, म्या त्याच दिशी फेकली."

मला खरंच कौतुक वाटलं. माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी अजून पेपर मोठ्यानं वाचणंसुद्धा सोडलेलं नाही. शेवंताबाई शेजारीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, हातात कोपरापर्यंत बांगड्या, चेहरा हसरा, पण आवाज बसका आणि नाक पूर्ण बंद असलेल्या माणसाचा. नवऱ्याची ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकली असावी, तरी मान अभिमानानं डोलवत होत्या.

मग मी कामाला लागले. काम तसं सोपं. स्पंजाची एक बारीक पट्टी नाकात अलगद सरकवायची, थोडा वेळ ठेवायची, भिजली की कुपीत घालून बर्फात. ओटीवर माणसं ओळीनं बसली होती, अभ्यासासाठी नाव दिलेली सगळी. पहिली पट्टी काढली तर ती चकचकीत. दुसरीही. तिसरी बोटांतून निसटली. मी वास घेतला. साजूक तूप.

"नाकात तूप घातलंय का तुम्ही?"

"व्हय," शेवंताबाई म्हणाल्या. "गायीचं हाये. सकाळी सगळ्यायची नाकं कोमट मिठाच्या पाण्यानं धुऊन घेतली, मंग एकेक थेंब सोडला. मी सोताच सोडला सगळ्याच्या."

"पण का?"

"आता काहून म्हंजे? पुन्याहून मॅडम येऊन राहिल्या नाक पाहायला. पाव्हन्याफुडं घाण नाक घेऊन बसायचं व्हय?"

अंगण सारवलं होतं, भांडी घासली होती, तशीच सगळ्या तांड्यानं माझ्यासाठी नाकं धुऊन ठेवली होती. आज हे लिहिताना मला भरून येतं. त्यावेळी मात्र माझं डोकं सटकलं. अकोल्यापासूनची धूळ, ऊन आणि उद्या दुपारी ठरलेलं दुसरं गाव हे सगळं एकदम त्या तुपावर निघालं. "कुणी सांगितलं होतं धुवायला? मला तीच घाण हवी होती! आता हे सगळं फुकट गेलं!"

शेवंताबाईंचं हसू गेलं. "मंग घेऊन जा तुमच्या पट्ट्या," त्या म्हणाल्या. "तसंबी माज्या नाकात आता कोन्ला काय भेटनार हाये? मला न्हाई द्यायचं." आणि त्या घरात निघून गेल्या.

रफिकभाईंनी बर्फाच्या पेटीचं झाकण हळूच लावलं. "मॅडम," ते पुटपुटले, "उद्या सकाळपर्यंत बर्फ टिकतो. आज निघू नका."

हळदीच्या कुकरपाशी

देवसिंगभाऊंनी राहायचा आग्रह केलाच. दोन वाक्यांपूर्वी मी ज्यांच्यावर ओरडले, त्यांनीच माझ्यासाठी बाज काढून चादर झटकली. चांगुलपणा असाही असतो की समोरच्याला तोंड कुठं लपवावं कळत नाही. मी आपली नेटवर्क शोधण्याचं निमित्त करून रानाकडे निघाले.

वाटेत हळद शिजत होती. लोखंडी मोठाली पिंपं, खालून वाफ, त्यांना सगळे कुकर म्हणतात. तो वास मी कधी विसरणार नाही. आपल्या डब्यातल्या हळदीचा वास त्यापुढं झोपलेला. हा ओला, मातीचा, किंचित तिखट, आणि शिजत आला की त्यात एक गोडी उतरते. कुकरवरच्या माणसानं सवयीनं घराकडे तोंड करून हाक दिली, "शेवंतामाय, बगा वं जरा!" आणि लगेच जीभ चावली. मग त्यानं एक हळकुंड काढलं, काडी टोचून पाहिली, आणि शेजाऱ्याला विचारलं.

शेवंताबाई दारात आल्या होत्या. हाक ऐकून दोन पावलं पुढं झाल्या आणि तिथूनच मागे फिरल्या.

"आदी समदे कुकर हिच्याच नाकावर उतरायचे," कुकरवाला मला म्हणाला. "लांबून सांगायची, आता काडा. काडी टोचायची तकलीफच नव्हती. दोन वर्सामागं वास गेला तरी कोनाला बोलली न्हाई. अंदाजानं सांगत राहिली. एक कुकर पार गाळ झाला, हळकुंडं हातात फुटायला लागली. तवापासून येतच न्हाई हिकडं."

मला पट्टी नको म्हणून घरात गेलेली बाई कशामुळे गेली, ते आता नीट कळलं.

कडब्याच्या गंजीमागे नेटवर्क असतं असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून तिकडे वळले. नेटवर्क नव्हतं. देवसिंगभाऊ होते. उकिडवे बसले होते आणि हातात बिडी होती. मला बघताच त्यांनी ती मातीत विझवली आणि दोन्ही हात जोडले. नुसते जोडलेले हात आणि मिशांमागून बाहेर पडणारा धूर.

बोलायचा अधिकार त्या संध्याकाळी माझ्याकडे फारसा उरलाच नव्हता.

"तिला समजत न्हाई ना," ते शेवटी हळूच म्हणाले. "वास येत न्हाई तिला. दिवसातून एकदोनच. सोडली व्हती खरंच, मॅडम. पंधरा दिवस."

चुलीपाशी

जेवायला चुलीपाशी बसलो. ज्वारीची भाकरी, त्यांच्या बोलीत बाटी. वाटली डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि मला जळजळतंय हे ओळखून न मागता वाढलेलं दही. शेवंताबाई भाकरी थापत होत्या, माझ्याकडे न बघता. तव्यावरची भाकरी करपायला लागली की सुनेनं "याडी", म्हणजे आई, अशी हाक मारायची आणि त्यांनी उलथायची. सासू-सुनेची ही व्यवस्था इतकी मुरलेली होती की त्यावर कुणी बोलतही नव्हतं.

"बाई, मी चुकले," मी म्हटलं. "तुम्ही माझ्यासाठी नाकं धुतलीत आणि मी तुमच्यावरच खेकसले. पण माझं काम असं विचित्र आहे. लोक टाकून देतात तेच मला लागतं. त्यातच लिहिलेलं असतं की सूज कुठली आहे. धुतलं की सगळं पुसलं जातं."

त्यांनी भाकरी थापणं थांबवलं. "म्हंजे तुमचा शेंबडाचा धंदा हाये?"

"हो. बावीस वर्षं."

त्या हसायला लागल्या. बसक्या आवाजातलं ते हसू आधी फुसफुस आलं, मग सूनही हसली, मग मी. रफिकभाई बाहेर ओसरीवर जेवत होते, ते म्हणाले, "म्या इनको पैलेच पूछा था!"

"पर मला खरं सांगा," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "एकदा कापून घेतलं. पुन्हा वाडलं. तुमच्या पट्टीनं काय व्हनार?"

खोटी आशा दाखवायची नाही, असं मी ठरवलं. म्हटलं, "कदाचित काहीच नाही. पण दोन प्रकारच्या सुजांपैकी एक असली तर औषधानं वास परत येऊ शकतो, कापण्याशिवाय. ती आहे का, एवढंच पट्टी सांगेल."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. तेवढ्यात देवसिंगभाऊ म्हणाले, "दे तू. उद्या सकाळी दे. आन् वास येनार असंल तर मी तुला रोज औषिद हातावर देईन."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळ

त्या सकाळचं वर्णन कसं करावं? बाजेवरून उठले तेव्हा देवसिंगभाऊ पाण्याच्या टाकीपाशी काठी घेऊन उभे होते. "तोंड धुवा, दात घासा," ते सगळ्यांना सांगत होते, "पर नाकाला पानी लावलं तर बगा!" काल रात्रीच घरोघरी निरोप गेला होता. कुणीही नाक शिंकरायचं नाही, कुणीही धुवायचं नाही.

आणि अख्खा तांडा ते पाळत होता. माणसं ओटीवर येऊन बसली, नाकं वाहत होती, डोळ्यांत पाणी होतं, पण बाही कुणी वर नेली नाही. एका आजोबांना शिंक येऊ लागली तर आजूबाजूच्या सगळ्यांनी "धरा, धरा!" म्हणून ओरडा केला आणि त्यांनी खरोखर ती धरली. पुण्यात सुशिक्षित माणसांना उपाशीपोटी रक्त द्यायला या म्हटलं तर निम्मे चहा पिऊन येतात. इथं एक तांडा माझ्यासाठी सकाळपासून शेंबूड सांभाळत बसला होता. मी कुणाला हात जोडणारी बाई नाही, पण त्या दिवशी जोडले.

शेवंताबाई शेवटी आल्या. पट्टी सरकवताना त्यांनी डोळे मिटले. बाहेर काढली तेव्हा ती पूर्ण भिजलेली, दाट, जशी हवी तशी होती.

"भेटलं का काही?"

"भरपूर," मी म्हटलं.

"घ्या मंग. पाव्हन्याला मोकळ्या हाती कसं धाडायचं?"

निघताना त्यांनी माझ्या ओंजळीत ओली हळकुंडं घातली. रफिकभाईंनी पेटी पुन्हा बांधली आणि खड्डा आला की मागे वळून तिच्याकडे बघत ते हिंगोलीपर्यंत आले.

पुणे

कुप्यांवर आकडेच होते, पण एक आकडा मला पाठ झाला होता. तपासणीच्या दिवशी मी तो नमुना शेवटी ठेवला, परीक्षेचा निकाल उघडायला भीती वाटावी तसा. इओसिनोफिलच्या खुणा त्यात ठासून भरलेल्या होत्या. डॉक्टरांकडे असलेला रक्ताचा जुना अहवालही तेच सांगत होता. आमच्या प्रयोगशाळेत आरडाओरडा करायची पद्धत नाही, पण मी टेबलावर हात आपटला आणि शेजारची मुलगी दचकली.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. थोडे दिवस गोळ्या, मग नाकात रोज फवारा, आणि त्याआधी रोज मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं. हे कळल्यावर शेवंताबाईंनी मला फोन केला. "ताई, नाक धुयाचं का न्हाई धुयाचं, तुमी पुन्यावाले एकदा बसून काय ते ठरवा," त्या म्हणाल्या आणि त्या फुसफुशा हसण्यानं फोन भरून गेला. पण वासाचं विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई अजून."

नंतर बरेच दिवस फोन आला नाही. मीही केला नाही. खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

श्रावणात एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखूच आला नाही. बसकेपणा गेला होता.

"ताई, वास आला."

मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. मग विचारलं, "कशाचा? पहिला वास कशाचा आला?"

"बिडीचा," शेवंताबाई म्हणाल्या.

मला कडब्याची गंज आठवली.

"अंथरूण झटकून राहिले व्हते, तं ह्यायच्या उशीला वास. आदी वाटलं भासच. मंग सदरा हुंगला. मंग समदी कपडे हुंगली. रडू बी येऊन राहिलं आन् रागबी. मी तशीच सदरा घेऊन बसले. ह्ये आले तं मला इचारतात, काय झालं? मी मनलं, तुमचा वास येऊन राहिला."

"मग?"

"मंग काय. म्हातारा रडला माज्यासंगं." त्यांनी नाक ओढलं. "येत्या फागुनात या. कुकर मीच उतरवनार हाये."

पलीकडे फोनची ओढाताण झाली आणि देवसिंगभाऊ बोलायला लागले. "मॅडम, तवा तुमी तिला बोलल्या न्हाई, लय उपकार झाले."

"भाऊ, एक सांगा. रोज औषध तुम्ही हातावर दिलंत ना?"

"व्हय. एक दिस चुकवला न्हाई."

"आणि वास आला की तुम्ही पकडले जाणार, हे ठाऊक होतं?"

"आता इतकं बी समजत न्हाई का मला?" ते म्हणाले. "पर तिला वास यावा वाटतच व्हतं ना, मॅडम."

मी विचारलं, "मग आता तरी सोडली का?"

"सोडली. पार सोडली. शपथ."

मागून, लांबून, घराच्या दुसऱ्या टोकाकडून असावा, शेवंताबाईंचा मोकळा आवाज आला.

"खोटं बोलून राहिले, ताई! हितपर्यंत येऊन राहिला वास!"